राबाची आग कुठे संपते आणि वणव्याचा गुन्हा कुठे सुरू होतो?

बिरवाडी : शिमग्याच्या मागेपुढे एखाद्या संध्याकाळी बिरवाडीहून वरंधच्या दिशेने नजर टाकली, की डोंगराच्या अंगावर लाल रेघ सरकताना दिसते. कुणीतरी मोबाइल काढतं, व्हिडीओ करतं, गावच्या ग्रुपवर टाकतं. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या. कुणी लावला? फॉरेस्टवाले झोपलेत का? आणि मग एखादा वैतागून विचारतो, ‘म्हणजे आता राब पण भाजायचा नाय का?’

पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर बोललं जातं. तिसऱ्याचं उत्तर सरळ कुणी देत नाही. महाड-पोलादपूरच्या भातशेतकऱ्याला हवं असतं ते नेमकं तेच.

उत्तर असं आहे : स्वतःच्या खाचरात राब भाजणं हा एवढ्यावरच गुन्हा ठरत नाही. गुन्हा ठरतो तो आग कुठल्या जमिनीवर लावली, ती कुठवर गेली आणि ती आटोक्यात ठेवायला माणूस होता की नव्हता, यावर. काडी तीच असते. बांधाच्या अलीकडे ती शेती आहे, पलीकडे ती वणवा आहे.

तो ३० हजारांचा मेसेज आपल्यासाठी नाही

आधी एक गैरसमज दूर करू. ‘शेतात पालापाचोळा जाळला तर ३० हजार दंड’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो, आणि तो वाचून गावात दोन तट पडतात. हा दंड खरा आहे, पण तो दिल्ली आणि आसपासच्या भागाच्या हवेसाठी नेमलेल्या आयोगाच्या हद्दीतला. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा भागांत भाताचा पेंढा रानातच जाळला जातो, त्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दर दुप्पट केले गेले. दोन एकरांच्या आत ५ हजार, दोन ते पाच एकर १० हजार, त्यावर ३० हजार. रायगड जिल्हा त्या हद्दीत येत नाही. आणि आपल्याकडे पेंढा जाळतंय कोण? तो गुरांसाठी उडवी रचून ठेवायची वस्तू आहे.

म्हणून मोकळं रान आहे, असं मात्र नाही. इथे लागू होणारे कायदे वेगळे आहेत, जुने आहेत, आणि काही बाबतीत जास्त कडक आहेत.

सातबारा बघा, मग काडी ओढा

सगळ्यात मोठा कायदा भारतीय वन अधिनियम, १९२७. त्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहेच. पण राखीव वनाला धोका होईल अशा रीतीने बाहेर आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं, हेही नियम मोडून केलं असेल तर त्याच कलमात बसतं. म्हणजे ‘मी तर माझ्या जागेत पेटवलं होतं’ हे उत्तर पुरत नाही. शिक्षा कैदेची आणि दंडाची, शिवाय जंगलाचं जे नुकसान झालं त्याची भरपाई न्यायालय वेगळी लावू शकतं. संरक्षित वनासाठी कलम ३३ आहे. तिथे आग पसरू नये म्हणून योग्य काळजी घेतली होती का, हा मुद्दा येतो.

त्याच कलम २६ मध्ये एक पोटकलम आहे, ज्याची गावात चर्चाच होत नाही. राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर त्या जंगलातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क सरकार ठरवेल तितक्या काळासाठी थांबवू शकतं. हक्क फक्त आग लावणाऱ्याचे नव्हेत, सगळ्यांचे. एकाने गंमत म्हणून माळ पेटवला आणि आख्ख्या वाडीची गुरं दारात उभी राहिली, असं कायद्याने होऊ शकतं. हे पोटकलम सहसा वापरलं जात नाही हे खरं, पण ते कागदावर आहे.

महाड-पोलादपुरात आणखी एक अडचण आहे ती सातबाऱ्याची. जमीन घरची, कसतो आपण, आजोबांपासून गवत आपणच कापतो. पण इतर हक्काच्या रकान्यात ‘खाजगी वन’ असा शेरा आहे. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतर कोकणात असे शेरे पुष्कळ सातबाऱ्यांवर आले. मालकाला वाटतं जागा माझी, वनरक्षकाला वाटतं जागा खात्याची. गवत पेटवण्याआधी हा रकाना एकदा वाचलेला बरा. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, त्याला तलाठ्याकडे हेलपाटाही लागत नाही.

मालकी जमिनीवरच्या आगीला पोलिसांचा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ मध्ये, दुसऱ्याला इजा होईल अशा बेफिकिरीने आग हाताळली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दुसऱ्याचं पीक, बाग, उडवी जाळण्याच्या हेतूने आग लावली असेल तर कलम ३२६ लागतं. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. घर जाळलं तर त्याहून किती तरी जास्त. भावकीच्या वादातून कुणी हा मार्ग धरत असेल तर हे आकडे लक्षात ठेवावेत.

राबावरचं भांडण आजचं नाही

राब म्हणजे नुसता कचरा जाळणं नव्हे. ज्या खाचरात तरवा करायचा तिथे शेण, ऐन-किंजळाची टहाळं, गवत, पातेरा आणि वर मातीचा पातळ थर असं रचून सावकाश भाजायचं. त्या धगीने तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं, आणि रोपं काळीभोर, जोमदार येतात. कोकणात ज्याला ‘वरकस’ जमीन म्हणतात ती मुळात या राबासाठीच भाताबरोबर राखलेली. कूळकायद्यातही तिची ओळख तशीच दिली आहे. राब म्हणजे जंगलाचं नुकसान, असं एका वाक्यात उडवून देणाऱ्यांना हे माहीत नसतं.

इंग्रजांच्या काळात वनखात्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत टहाळ तोडण्यावर निर्बंध आणायला सुरुवात केली, तेव्हा शेतकऱ्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. १८८७ ला त्याचा अहवाल आला. त्यात राबाचा प्रश्न हा मोठा भाग होता. आजचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा. पणजोबांनी जे भांडण केलं तेच पणतू व्हॉट्सअ‍ॅपवर करतोय, फरक इतकाच.

पण एक गोष्ट तेव्हापेक्षा बदलली आहे. तेव्हा राब भाजायला घरातली चार-सहा माणसं असायची. कुणी फांदी घेऊन बांधावर उभं, कुणी पाण्याचा हंडा घेऊन. आता घरातली तरणी माणसं मुंबई-पुण्याला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत पाळीला. मागे राहिलेली म्हातारी दोघं सकाळी पेटवतात आणि ऊन चढलं की सावलीला येतात. वरकस जमीनही आता कुणी कसत नाही. जिथे नाचणी-वरी व्हायची तिथे कमरेएवढं गवत उभं असतं. ठिणगीला पूर्वी मोकळं रान लागायचं, आता सरपण लागतं. राब तोच आहे, आजूबाजूचा डोंगर बदलला आहे. वणवे वाढल्याची तक्रार करताना ही बाजू कुणी मांडत नाही.

राबाला पर्याय नाही असंही नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अनेक वर्षं गादीवाफ्यांची आहे : न भाजता, शेणखत आणि भाताच्या तुसाची काळी राख वापरून रोपं करायची. चारसूत्री पद्धतीत तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला आहे. कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात तर तरवा आणि लावणी दोन्ही नाहीत, थेट टोकणणी आहे. रायगड जिल्ह्यातच हे बघायला मिळतं. तरी राब सुटत नाही, कारण गादीवाफ्यात तण निघतं आणि ते काढायला मजूर लागतो. भाजण्याला खर्च एका काडीपेटीचा. हा हिशोब बाजूला ठेवून ‘राब सोडा’ म्हणण्यात अर्थ नाही.

मग डोंगर कोण पेटवतं?

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे कोरड्या विजेने जंगल पेटलं असं फारसं होत नाही. वणवा माणूसच लावतो, किंवा माणसाच्या हातून सुटतो. सुटलेला राब हे एक कारण. दुसरं म्हणजे ‘जाळलं की गवत चांगलं फुटतं’ ही समजूत. पहिल्या पावसात जळलेल्या जागी हिरवं लवकर दिसतं हे खरं, पण दरवर्षी जाळलेल्या माळावर चांगलं गवत मागे पडतं आणि गुरं तोंड लावत नाहीत असली झुडपं पुढे येतात. जुन्या गुराख्यांना विचारलं तर तेही हेच सांगतील.

तिसरं कारण शिकार. आग लावून ससा, भेकर, डुक्कर खाली हाकायचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणंही येतं. बंदूक हातात नव्हती हा बचाव तिथे चालत नाही.

नुकसान काय होतं, ते पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात कळतं. आंबा-काजूची कलमं मोहरात असताना होरपळतात. गोठ्यामागची उडवी जाते. वरच्या झऱ्यावरून वाडीत पाणी आणणारा काळा पाइप डोंगरावर उघडाच टाकलेला असतो. तो एका रात्रीत वितळतो आणि ऐन एप्रिलमध्ये बायांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो. पातेरा जळालेल्या उतारावर पहिला पाऊस थेट मातीवर आपटतो. पाणी मुरत नाही, माती घेऊन खाली पळतं, आणि शेवटी काळ, गांधारी, सावित्रीच्या पात्रात गाळ होऊन बसतं. एवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत मे महिन्यात टँकरची मागणी होते, त्यात या जळक्या डोंगरांचा वाटा आहे.

२२ जुलै २०२१ ला तळिये इथे दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत पोलादपुरात केवनाळे, सुतारवाडीला दरडी आल्या. २००५ मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन. या दरडी वणव्यामुळे आल्या असं म्हणणं चुकीचं ठरेल, त्यामागे प्रचंड पाऊस आणि डोंगराची घडण आहे. पण ज्या तालुक्याने हे पाहिलंय, त्याने उतारावरची मुळं दरवर्षी आपल्या हाताने जाळावीत, हे समजण्यापलीकडचं आहे.

तक्रार कुठे करायची, हाच घोळ

कायदे एवढे असताना माणूस सापडत का नाही? कारण पेटवताना बघितलेलं कुणी नसतं, आणि बघितलेलं असलं तरी गावात कोण कुणाचं नाव घेणार? शिंपडलेल्या दोन-चार वाड्या, रोजचं येणंजाणं, एकच पाणवठा. वनरक्षकाकडे बीट मोठं, हाताखाली माणसं मोजकी. त्यात आग मालकी जमिनीतून सुरू झाली असेल तर वनखातं म्हणतं महसूलकडे जा, तलाठी म्हणतो पोलिसांत तक्रार द्या, पोलीस विचारतात संशय कुणावर. तीन दारं फिरेपर्यंत राख थंड झालेली असते.

ज्याची बाग जळली त्याने यात एक गोष्ट सोडू नये : पंचनामा. आपत्ती निवारण निधीच्या यादीत पूर, दरड, वादळ यांच्याबरोबर आगही आहे. मदत मिळेलच असं नाही, पण पंचनामा नसेल तर विषय तिथेच संपतो. जळाल्याच्या दिवशीच, झाडं मोजता येतील असे फोटो काढून तलाठ्याला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

वणवा दिसला तर वनखात्याची मदतवाहिनी १९२६ आहे, वस्तीजवळ आली तर ११२. महाड आणि पोलादपूर दोन्ही रोहा वन विभागात येतात. याशिवाय डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा मेसेज मोबाइलवर येतो. त्यासाठी संस्थेच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं. सामान्य माणसालाही ते फुकट करता येतं. उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातो, त्यामुळे मेसेज उशिरा येऊ शकतो. पण ‘आग लागलीच नव्हती’ असं नंतर कुणाला म्हणता येत नाही.

शेकोटी, कॅम्पफायर आणि बिरवाडीचा कचरा

थंडीत अंगणात शेकोटी केली म्हणून कुणी पकडत नाही आणि पकडूही नये. होळीही गावाच्या जागेत, गाव हजर असताना पेटते. तिथे प्रश्न येतो तो होळीसाठी राखीव वनातून झाड तोडलं तर. खरी काळजी आहे ती बाहेरून येणाऱ्यांची. रायगड, शिवथरघळ, वरंध घाट या बाजूला शनिवार-रविवारी आणि ३१ डिसेंबरला तंबू पडतात, रात्री कॅम्पफायर होतो, आणि सकाळी धुमसते ओंडके तसेच सोडून गाड्या पुण्या-मुंबईला निघतात. वनाच्या हद्दीत परवानगीशिवाय आग पेटवणं हा गुन्हा पर्यटकालाही तितकाच लागू आहे. रायगड किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असल्याने तिथे ठरवून दिलेल्या जागेबाहेर स्वयंपाकालाही मनाई आहे. होमस्टे किंवा तंबूची जागा देणारा मात्र आपल्याच गावचा असतो. पाहुण्यांची आग विझली की नाही, हे त्याने उठून बघायला हवं. डोंगर पेटला तर पोलीस आधी त्यालाच शोधत येणार.

बिरवाडीत आगीचा आणखी एक प्रकार आहे, त्याला डोंगराची गरज नाही. एमआयडीसी शेजारी, भाड्याच्या खोल्या वाढल्या, त्याबरोबर कचरा वाढला. रस्त्याकडेला, नदीकाठी प्लास्टिकच्या पिशव्यांसकट ढीग पेटवला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळायला देशभर मनाई केली. साध्या प्रकाराला ५ हजार, मोठ्या ढिगाला २५ हजार भरपाई. हा आदेश बिरवाडीलाही लागू आहे. कारखान्यातून आलेली रिकामी पोती, रंगाचे डबे, तेलकट चिंध्या त्यात गेल्या, तर धूर नुसता काळा नसतो, विषारी असतो. असा घातक कचरा जाळायचा नसतो, तो अधिकृत केंद्राकडेच जायला हवा. रायगडात तळोज्याला ते आहे. ग्रामपंचायतीने ढीग उचलला नाही तर लोक पेटवणार, हे मात्र उघड आहे. घंटागाडी वेळेवर आली तर दंडाची पावती फाडायची वेळच येत नाही.

अल्मोड्याच्या गावांनी काय केलं

उत्तराखंडातल्या अल्मोडा जिल्ह्यात शीतलाखेत परिसरातली गावं काही वर्षांपासून १ एप्रिलला ‘ओण दिवस’ पाळतात. ओण म्हणजे शेताच्या बांधावरचा पालापाचोळा, काटक्या, झुडपं. आपल्या राबाच्या जवळचीच गोष्ट. ती जाळायची, पण जंगल तापायच्या आत, ठरलेल्या तारखेपर्यंत, सगळ्यांनी मिळून. त्यानंतर कुणी एकटा पेटवत नाही. उत्तराखंड सरकारने पुढे याच कामाला नमुना म्हणून उचलून धरलं. त्याच जिल्ह्यात, बिनसर अभयारण्यात, जून २०२४ मध्ये वणवा विझवायला गेलेले वन कर्मचारी होरपळून मेले. आगीच्या वरच्या अंगाला उभं राहून विझवायला जायचं नसतं, हे आपल्याकडच्या उत्साही पोरांनीही ध्यानात ठेवावं.

तारीख जशीच्या तशी आपल्याला चालणार नाही. राब फार आधी भाजला तर राख वाऱ्याने उडून जाते, म्हणून तो एप्रिल-मेपर्यंत लांबतो. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. म्हणजे राब त्यात येणारच. पण वेळ बदलता येते. दुपारी खालून वारा सुटला की उतारावर आग पळते, सकाळी ती बसून राहते. वाडीने दोन-तीन सकाळी ठरवल्या, डोंगराकडच्या बाजूचं गवत आधी हातभर रुंद नव्हे तर चांगलं आठ-दहा फूट कापून जाळरेषा काढली, प्रत्येक घरातून एक माणूस आणि पाण्याचा पंप बांधावर ठेवला, बीटच्या वनरक्षकाला आदल्या दिवशी फोन केला, तर एकट्या म्हाताऱ्याच्या गळ्यात ना आग पडते ना गुन्हा. चाकरमान्यांनी त्या रविवारी गावी यायला हरकत नाही. पालखीला येतातच ना!

हे ठरवायला नवा कायदा लागत नाही, ग्रामसभेचा ठराव पुरतो. संयुक्त वन व्यवस्थापन समिती बऱ्याच गावांत कागदावर आहेच, आणि जंगल सांभाळणाऱ्या गावांना संत तुकाराम वनग्राम योजनेतून बक्षीसही मिळतं. अडतं ते तारखेवर. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घेऊन उपयोग नाही, तोवर डोंगर काळा झालेला असतो. २६ जानेवारीची ग्रामसभा हंगाम सुरू व्हायच्या बरोबर वीस दिवस आधी येते. विषयपत्रिकेवर राबाच्या सकाळी कुठल्या, जाळरेषा कोण काढणार आणि तंबूवाल्यांना काय अट घालायची, हे तीन मुद्दे त्या दिवशी लिहून आणायला सरपंच-ग्रामसेवकांना आधीच अर्ज द्यावा लागेल.